एजंटचा वकील, बँकेचा वकील की सोलापूरचा मामा?

पत्र थोडक्यात असं: पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एका नोकरदार जोडप्याला सिंहगड रस्त्यावर, १९९८ साली बांधलेल्या सोसायटीत दोन बेडरूमचा फ्लॅट पसंत पडला आहे. किंमत ७२ लाख, त्यातले ५० लाख कर्ज. फ्लॅट विक्रेत्याच्या आईच्या नावावर होता. त्या २०२१ मध्ये गेल्या, वडील त्याआधीच गेले होते. मुलगा नॉमिनी होता, म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढवलं आहे आणि ‘टायटल एकदम क्लिअर’ असं एजंटचं म्हणणं. विक्रेत्याची एक बहीण लग्न होऊन बडोद्याला असते. पाच दिवसांत २ लाख टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असा तगादा आहे. एजंट म्हणतो वकील आमचाच, वेगळी फी नाही. बँकेनेही ‘लीगल’चे पैसे घेतले आहेत. शिवाय पत्र लिहिणाऱ्या बाईंचा सख्खा मामा सोलापुरात पंचवीस वर्षं वकिली करतो. त्या विचारतात: तीन वकील हाताशी असताना चौथा, तोही ‘लोकल’, कशाला? आणि करायचाच तर चांगला वकील ओळखायचा कसा?

नमस्कार,

तुमच्या पत्रात वकील तीन आहेत, पण त्यातला तुमचा एकच, आणि तो अडीचशे किलोमीटरवर आहे. ‘चांगला वकील कोण’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी तिघांबद्दल एवढंच विचारून बघा: हा व्यवहार मोडला तर याचं काय जातं?

एजंटच्या वकिलाचं पुढचं काम जातं. दलाली एक टक्का धरली तरी एजंटचे ७२ हजार होतात आणि ते नोंदणी झाली तरच हातात पडतात. ‘थांबा, इथे वारसांचा घोळ आहे’ असं गिऱ्हाइकाला सांगणाऱ्या वकिलाकडे तो पुढची गिऱ्हाइकं का पाठवेल? त्या वकिलाला अप्रामाणिक म्हणायचं कारण नाही. त्याला कागद जुळवून देण्याची सवय असते, अडवण्याची नसते. ‘वेगळी फी नाही’ याचा अर्थ फी दुसरं कुणीतरी देतंय, आणि जो फी देतो त्याचा वकील. एकाच व्यवहारात विक्रेत्याचे कागद तयार करणारा आणि तुम्हाला सल्ला देणारा माणूस एक असणं आपल्याकडे इतकं रुळलंय की कुणाला खटकत नाही. वकिलांच्या आचारसंहितेत मात्र एका प्रकरणात एका पक्षाचं काम केल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचं काम करू नये असा स्पष्ट नियम आहे.

बँकेच्या वकिलाचं काहीच जात नाही, पण त्याचा प्रश्न वेगळा आहे. हप्ते थकले तर बँकेला हा फ्लॅट विकून पैसे वसूल करता येतील का, एवढं तो बघतो. फी तुमच्या खिशातून गेली तरी अहवाल बँकेच्या नावाने निघतो आणि बरेचदा तुम्हाला वाचायलाही मिळत नाही. पार्किंग कागदावर आहे का, सोसायटीची थकबाकी कोणी भरायची, ताबा लांबला तर काय, टोकन परत कसं मिळणार, हे त्याच्या कामात येत नाही. तुमच्या प्रकरणातला मुख्य दोष तो बहुधा पकडेल. पण त्याच्याकडे फाइल जाईपर्यंत तुमचे २ लाख विक्रेत्याच्या खात्यात गेलेले असतील.

आणि मामा. निष्ठेबद्दल शंका नाही. कायद्यानेही आडकाठी नाही, सोलापूरच्या वकिलाने पुण्याच्या मिळकतीचे कागद तपासायला काही हरकत नसते. अडचण दोन ठिकाणी येते. काही नोंदी पुण्यात जाऊन, हाताने पानं उलटूनच मिळतात, ते पुढे सांगते. दुसरी अडचण घरातली: मामाला फी देता येत नाही, आणि फी न देता ‘गुरुवारपर्यंत अहवाल हवा’ असं म्हणता येत नाही. मामाचा उपयोग नक्की आहे, पण वेगळ्या जागी.

आता तुमच्या पत्रात जाता जाता आलेल्या ओळीकडे वळू, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. मुलगा नॉमिनी, शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर, म्हणून टायटल क्लिअर, असं तुम्ही एजंटचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलेलं दिसतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, बिल कोणाच्या नावाने काढायचं, याची ती सोय आहे. २०१६ साली इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावे नोंद करावी, पण त्याने वारसांचा हक्क संपत नाही, तो त्यांना योग्य ठिकाणी मागता येतो. महाराष्ट्रात तर २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, आणि त्यात वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा केवळ तात्पुरता सभासद असतो. विक्रेत्याच्या आई २०२१ मध्ये गेल्या, म्हणजे हा बदल झाल्यानंतर. शेअर सर्टिफिकेट हा सोसायटीतल्या सभासदत्वाचा पुरावा आहे, मालकीच्या साखळीतला तो एक मणी आहे.

कुटुंब हिंदू असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आईच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. म्हणजे तुम्ही ज्याला ७२ लाख द्यायला निघाला आहात तो आज, कायद्याने, अर्ध्या फ्लॅटचा मालक आहे.

उपाय अवघड नाही. एक तर बहिणीने साठेखतावर (म्हणजे आधीच्या विक्रीकरारावर) आणि खरेदीखतावर विक्रेती म्हणून स्वतः सही करावी, तिच्या वाट्याचे पैसे थेट तिच्या खात्यात जावेत. नाहीतर तिने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावं, आणि ते नोंदवलेलं हवं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीकडे केलेलं ‘ना हरकत’ पुरत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. आईचं मृत्युपत्र आहे असं कोणी म्हणालं तर मूळ प्रत बघायची, साक्षीदार कोण ते बघायचं, आणि तरीही बहिणीची संमती घेणं बरं. वारस हे दोघंच आहेत हेही कोणीतरी तपासायला हवं: आईवडील दोघांचे मृत्यू दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. तिसरं भावंड होतं आणि ते आईच्या आधी वारलं असेल तर त्याची मुलं वाटेकरी ठरतात. शंका उरलीच तर १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली न्यायालयातून वारस दाखला घेता येतो, त्याला महिने लागतात. बहीण परदेशी असती तर कुलमुखत्यारपत्र करावं लागलं असतं, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. अनेकांची गाडी इथे अडते.

बहीण-भावाचं सख्य असेल, ती हसत सही करेलही. मग ती सही आत्ताच घेण्यात विक्रेत्याची अडचण काय, हा प्रश्न विचारायला तुम्हाला तुमचा वकील हवा आहे.

‘लोकल’ म्हणजे तुमच्या घराजवळचा नव्हे. ज्या जमिनीवर इमारत उभी आहे तिचे कागद ज्याच्या हाताखालून वारंवार जातात तो. सिंहगड रस्त्याच्या आजूबाजूच्या जमिनी मुळात वडगाव, हिंगणे, धायरी या गावांची शेतं होती. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्का’त कुळाचं नाव, कूळकायदा कलम ४३ चा (विक्रीला परवानगी लागण्याचा) शेरा, इनाम किंवा देवस्थान, सिलिंगची म्हणजे कमाल जमीनधारणेची अट, असं काय काय दडलेलं असतं. त्या पट्ट्यात काम करणारा वकील सर्व्हे नंबर ऐकताच ‘इथे सिलिंगचा शेरा होता, आदेश बघायला हवा’ असं म्हणतो. बाहेरचा माणूस तेच आठ दिवस शोधतो, किंवा शोधत नाही.

दुसरा मुद्दा नोंदणीचा. पुणे शहरातल्या मिळकतीचा दस्त हवेली तालुक्याच्या कोणत्याही दुय्यम निबंधक (दस्त नोंदणी) कार्यालयात नोंदवता येतो आणि अशी कार्यालयं वीसहून अधिक आहेत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोध आहे, पण मुंबई वगळता त्यातल्या नोंदी २००२ पासूनच्या. तुमची इमारत १९९८ ची. म्हणजे बिल्डरने पहिल्या घेणाऱ्याला दिलेला करार, त्याआधी जमीनमालकाने बिल्डरला दिलेला विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र, हे सगळं जुन्या सूचीपुस्तकांत. ती पुस्तकं कार्यालयात जाऊन चाळावी लागतात, काही पानं फाटलेली असतात, आणि अहवालात त्या वर्षापुढे ‘पान फाटलेले’ असं लिहून पुढे जाण्याची पद्धत आहे. हे काम बहुतेक वेळा वकील स्वतः करत नाही, त्याचा सर्च क्लार्क करतो. चांगल्या वकिलाची निम्मी किंमत त्याच्या सर्च क्लार्कमध्ये असते, असं मी म्हणेन.

ऑनलाइन शोधातही मेख आहे. एकच मिळकत कुठे सर्व्हे नंबरने, कुठे सिटी सर्व्हे नंबरने, कुठे फक्त इमारतीच्या नावाने नोंदलेली असते. हिस्सा नंबर कुठे ‘३/१’ तर कुठे ‘३/१अ’. जेवढी रूपं तेवढे शोध घ्यावे लागतात. ‘ऑनलाइन बघितलं, काही आलं नाही’ याला शोध म्हणत नाहीत.

शोधात काय दिसत नाही हे कळलं की वकील कशासाठी हवा ते नीट कळतं. सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या ‘इंडेक्स टू’मध्ये, नोंदवलेले दस्त दिसतात. मृत्युपत्र नोंदवलं नसेल तर दिसत नाही. आणि सगळ्यात फसवं म्हणजे मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, म्हणून ती सूचीत येते. त्याआधीचं कर्ज तिथे सापडेलच असं नाही. म्हणून दोन गोष्टी: सरसाई या केंद्रीय गहाण नोंदवहीत मिळकतीवर शोध घ्यायचा, आणि मूळ कागद डोळ्यांनी बघायचे. १९९८ चा मूळ करार, त्याची नोंदणी पावती, मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा. ‘ओरिजिनल रजिस्ट्रेशनच्या दिवशी आणतो’ हे उत्तर घेऊ नका. खरेदीदाराने मागितल्यावर विक्रेत्याने मालकीचे कागद तपासायला द्यायचे, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं. कागद हरवले असतील तर पोलिसांकडे तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, हा क्रम. जुन्या करारावर शुल्क कमी भरलं असेल तर फरकावर दरमहा २ टक्के दंड चढत जातो. तो कोण भरणार हे साठेखताआधी ठरवा.

वकील शोधायचा कसा? त्याच सोसायटीत किंवा शेजारच्या सोसायटीत गेल्या दोन-तीन वर्षांत घर घेतलेली माणसं गाठा. ‘वकील चांगला होता का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘त्याने काय अडवलं होतं?’ असं विचारा. ज्याने कधी काही अडवलं नाही त्याचं नाव खोडा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा की जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, कोणत्या वकिलाने केलं; त्याच्याकडे त्या जमिनीची आख्खी फाइल असते. (कन्व्हेयन्स झालंच नाही असं उत्तर आलं तर तीही माहिती मोलाची. १९९८ ची इमारत लवकरच पुनर्विकासाला येणार, आणि सातबाऱ्यावर अजून जमीनमालकाचंच नाव असेल तर सोसायटीला आधी मानीव अभिहस्तांतरणाच्या (डीम्ड कन्व्हेयन्सच्या) मागे लागावं लागेल.) आणि तिसरा रस्ता मामाचा. शिवाजीनगर कोर्टात त्यांच्या ओळखीचं कोणीतरी असणारच. ‘दावे चालवणारा नको, दस्तांचं काम करणारा सांगा’ असं त्यांना म्हणा. उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडणारा वकील सूची वाचण्यात कच्चा असू शकतो. इंटरनेटवरच्या ‘टॉप टेन वकील’ याद्यांवर विसंबू नका. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, तेव्हा त्या याद्या कशा तयार होतात याचा तुम्हीच विचार करा.

दोन-तीन नावं आली की प्रत्येकाला वीस मिनिटं भेटा. पहिल्या भेटीची फी मागितली तर द्या. आणि काही ठरवायच्या आधी त्याला फक्त वस्तुस्थिती सांगा: आई गेली, मुलगा नॉमिनी, शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर. पुढे गप्प बसा. ‘सर्टिफिकेट झालंय ना, मग काय’ असं म्हणाला तर चहा संपवून उठा. ‘भावंडं किती?’ असं विचारलं तर बसा. ही परीक्षा फुकट आहे आणि पुण्यातच नाही, कुठेही चालते.

बसल्यावर विचारायचं ते असं. गेल्या वर्षात या एजंटकडून किंवा या विक्रेत्याकडून तुमच्याकडे काम आलंय का? शोध कोण घेणार, किती वर्षांचा, आणि २००२ आधीचा हाताने घेणार ना? अहवालाला सरकारी शोध पावती जोडणार का? मूळ कागद तुम्ही स्वतः बघणार की झेरॉक्सवर अहवाल देणार? अहवाल आमच्या नावाने असेल ना? जुना एखादा अहवाल, नावं झाकून, दाखवता येईल का? शेवटच्या प्रश्नावर काहीजण नाही म्हणतात, त्यात गैर नाही. दाखवलाच तर फाटलेल्या वर्षांचा उल्लेख प्रामाणिकपणे केलाय का, तेवढं बघा. सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक घ्या, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नाव आहे याची खात्री करून घ्या.

ही खबरदारी आधी घ्यायचं कारण आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणजे अहवाल चुकला तर ग्राहक आयोगाचा सोपा रस्ता नाही. व्यावसायिक गैरवर्तन असेल तर बार कौन्सिलकडे तक्रार, नुकसान मागायचं तर दिवाणी दावा. तेव्हा काम काय ठरलं ते लेखी हवं, साधा ईमेल चालेल: ३० वर्षांचा शोध, वारसांची तपासणी, जाहीर नोटीस, सरसाई, न्यायालयीन दाव्यांचा ई-कोर्ट्सवर नावाने शोध, भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा, साठेखत आणि खरेदीखताचा मसुदा, नोंदणीला हजेरी. यातलं काय फीत आहे आणि काय नाही तेही.

फीचा आकडा मी देत नाही, तो वकिलागणिक बदलतो. तुलनेला मात्र हे आकडे ठेवा: पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार (सरकारी मूल्यदर किमतीपेक्षा जास्त निघाला तर त्यावर), नोंदणी फी ३० हजार. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर महिलांसाठी एक टक्का सवलत आहे, म्हणजे ७२ हजार वाचतात; नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. या रकमांपुढे वकिलाच्या फीत घासाघीस करू नका. एका गोष्टीवर मात्र अडून बसा: अहवालाची फी अहवाल हातात आल्यावर, व्यवहार होवो न होवो. ‘रजिस्ट्रेशन झाल्यावर द्या’ म्हणणारा वकील उदार वाटतो, पण मग त्यालाही एजंटइतकंच ते रजिस्ट्रेशन हवं असतं. मसुद्यांची आणि हजेरीची फी वेगळी, ती नंतर.

अहवाल आला की शेवटचं पान वाचून थांबू नका. ‘निर्वेध आणि विक्रीयोग्य’ हे शब्द सगळ्यांच्याच अहवालात असतात. त्याआधी ‘च्या अधीन राहून’ कुठे कुठे लिहिलंय त्याखाली रेघ मारा. ‘मूळ दस्त दाखवण्याच्या अधीन’, ‘वारसांच्या संमतीच्या अधीन’. अशी प्रत्येक रेघ म्हणजे पैसे देण्याआधी संपवायचं एक काम. इथे मामांना बोलवा. अहवाल आणि साठेखताचा मसुदा त्यांना पाठवा, पंचवीस वर्षांच्या अनुभवाला अर्धा तास पुरेल.

साठेखतात पार्किंगचा उल्लेख कसा येतो तेवढं बघा. उघडी किंवा स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय, तेव्हा ‘पार्किंगसह’ म्हणजे सोसायटीने दिलेली जागा की आणखी काही, हे सोसायटीकडून लेखी घ्या. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा आहे. बहीण विक्रेती झाली तर प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका हद्दीत २५ हजारांहून जास्त घेता येत नाही, ते कोण भरणार ते लिहा. आणि एक वकिलाच्या कक्षेबाहेरचं: २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं होतं. इमारत पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे महापालिकेत विचारा.

टोकनचं काय? पाच दिवसांत यातलं काहीच होत नाही. शोधाला आठवडा-दहा दिवस, जाहीर नोटिशीची मुदत साधारण चौदा दिवस, म्हणजे तीन आठवडे धरा. नोटिशीने कोणाचा हक्क बुडत नाही, पण हरकत घेणारा तेव्हाच पुढे येतो आणि तुम्ही काळजी घेतल्याचा पुरावा राहतो. टोकन द्यायचंच असेल तर लहान रक्कम द्या, चेकने किंवा बँकेतून. रोख मागितली तर लक्षात असू द्या, स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. विसार पावतीवर विक्रेत्याची सही, आणि एक वाक्य: टायटल खरेदीदाराच्या वकिलाच्या मते स्पष्ट न निघाल्यास पूर्ण रक्कम सात दिवसांत परत. ‘दुसरं गिऱ्हाईक’ खरंच असेल तर त्यालाही बहिणीची सही लागणारच आहे.

इतर गावांतून अशीच पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. निगडी प्राधिकरणात जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे आणि नवी मुंबईत सिडकोचंही बरंचसं तसंच. तिथे हस्तांतरणाची परवानगी आधी, मग बाकीचं. पुण्यातल्या पुष्कळ इमारती फाटकावर ‘सोसायटी’ लिहितात पण त्या १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच. घोषणापत्र आणि डीड ऑफ अपार्टमेंट मागा. कोकणात घर घेणाऱ्यांनी सातबाऱ्यावरची सामाईक नावं मोजावीत, मुंबईत गेलेल्या चुलत्यांची सही राहून जाते. गोव्यात तर महाराष्ट्रातला वकील नकोच. तिथे नागरी संहिता वेगळी, विक्रेता विवाहित असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, आणि जमिनीचा उतारा ‘फॉर्म एक आणि चौदा’ या नावाने मिळतो.

तुमच्यापुरतं, उद्या सकाळी एजंटला एवढा संदेश पाठवा: ‘फ्लॅट आम्हाला हवा आहे. आमचा वकील आम्ही नेमतो आहोत. १९९८ चा मूळ करार, सूची दोन, शेअर सर्टिफिकेट, आईवडिलांचे मृत्यू दाखले आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र कधी बघायला येऊ ते कळवा. विक्रेत्यांची बहीण सही करणार आहे ना, तेही विचारून सांगा.’